मेलेल्या डिस्कांची वही

एप्रिल संपत आलेला, कूलरमधलं पाणी आटलेलं,
त्या दुपारी डिस्क पहिल्यांदा बोलली.
टक्. थांबून पुन्हा, टक्.
मी आधी छताकडेच पाहिलं, पाल कुठे आहे म्हणून.

लाखांदूरच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ.
एक शटर, एक पडदा, पडद्यावर काश्मीर.
अकरा वर्षांची लग्नं त्या काळ्या डबीत,
बारशी, दोन सरपंचांचे सत्कार,
मंडईच्या रात्रीची दंडार, पहाटेपर्यंतची,
आणि इंदूबाई कापगत्यांचे मालक, जे आता नाहीत,
मांडवात हात वर करून ओरडताना,
"भात कमी नोको पडू देजा!"

डबी जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून
साकोलीच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टरनं विचारलं, कोणी आजारी आहे का?
म्हटलं, हो.

तुकेश लांजेवारकडे एक लांबोडकी वही आहे,
कधीकाळी दुधाच्या हिशोबाची.
तिच्यात तो मेलेल्या डिस्का लिहितो.
कोणती, कधी घेतलेली, कुठून आली, कशानं गेली.
वीज पडली, सानगडी.
मुंग्या.
सायकलवरून पडली, पालांदूर.
व्होल्टेज. व्होल्टेज. खाली पुन्हा तेच, नुसत्या खुणेनं.
एका ओळीत कारणाच्या जागी फक्त
"नवीन होती."

मी बोट ठेवून मोजत गेले.
निळ्या लेबलच्या सतरा.
हिरव्या लेबलच्या सहा.
म्हटलं, मग हिरवी दे.

तो हसला नाही. पेचकस बाजूला ठेवला.
"ताई, माझ्याकडं मेलेल्याच येतात.
ज्या जित्या आहेत त्या घरी गुमान चालून रायल्या,
त्यायची मोजणी कोण करते?
निळ्या म्या दोनशे विकल्या.
हिरव्या दहा."
मी बोट उचललं.

मग भरवशाची कोणती?
"भरवशाच्या दोन. पण एका दिवशी,
एका खोक्यातल्या दोन नोका नेऊ.
एकाच पिशवीतलं धान दोन बांध्यांत टाकलं
त करपा दोन्हीकडं संगंच येते."

हे तर मला ठाऊक होतं.
बाबा बियाण्याचं धान अर्धं घरच्या ढोलीत ठेवत,
अर्धं अर्जुनीला मामाकडे.
डबीतही धानच आहे
हे काही लक्षात आलं नव्हतं.

एक निळी घेतली, तीन वर्षांच्या वॉरंटीची.
वॉरंटीत डिस्क नवी मिळते,
मंडई मिळत नाही. हे तुकेशनंच सांगितलं,
पावती फाडता फाडता.
दुसरी भंडाऱ्याहून, महिन्यानं,
एका लग्नाचे पैसे सुटल्यावर, वेगळ्या कंपनीची.
ती अर्जुनीला मामेबहिणीकडे, लोणच्याच्या बरणीच्या वरच्या फळीवर.
तिनं विचारलं, यात काय आहे एवढं?
म्हटलं, अर्धा तालुका. पाणी लागू देऊ नको.

जुनीतून काढता येईल ते काढायला दोन रात्री लागल्या.
रात्रीच, कारण दिवसा ती तापून गप्प बसायची.
एक पूर्ण साल आलंच नाही, सोळाचं.
कोणाकोणाला सांगायचंय त्याची यादी
अजून खिशात आहे.

इंदूबाई आल्या तेव्हा मी लावून दिलं.
चित्र वरणाच्या पळीवर थिजलं,
चौकोन चौकोन झालं, पळी हिरवी पडली.
आवाज मात्र चालत राहिला, बँडमधून, भांड्यांमधून,
"भात कमी नोको पडू देजा!"

त्या जरा वेळ पळीकडे पाहत राहिल्या.
"पडलाच होता," म्हणाल्या.
"साळभाऊ उपाशी गेले.
पुन्यांदा लाव."